पिठाला जागणं

आधी मी गालिच्यावर संशय घेतला.
आईने लग्नात दिलेला, डाळिंबी रंगाचा,
चौकातल्या लोखंडी दांडीवर टाकून
वेताच्या बडवणीने असा झोडपला
की वरच्या गॅलरीतून मेदेया ओरडली,
"त्सिआला, जीव घेतेस की काय त्याचा!"
उन्हात धूळ उठली.
सोनेरी दिसत होती, लबाड.
त्या रात्रीही झुराब खोकलाच.

मग पिसांच्या उशा गेल्या.
मग जाड पडदे.
मग मांजर, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या ओतारकडे.
रोज संध्याकाळी दाराशी येऊन बसायचं,
मी बघायचे नाही त्याच्याकडे.
चादरी कढत पाण्यात, गाद्या उन्हात.
डोळ्यांना न दिसणारे किडे असतात म्हणे गादीत,
आपल्याच कातडीच्या कोंड्यावर जगतात.
जगेनात बापडे, पण मी त्यांनाही सोडलं नाही.
घर इतकं रिकामं, इतकं स्वच्छ झालं
की आवाज घुमायला लागला,
आणि घुमायचा तो एकच:
पहाटे तीनला, कामावर जायच्या तासभर आधी,
त्याच्या छातीतली शिट्टी.
किटली उकळण्याआधी करते तशी,
फक्त ही किटली कधी उकळायची नाही.

डॉक्टर क्विर्क्वेलियाबाईंनी
छाती तपासायच्या आधी विचारलं,
"सुट्टीत कसं असतं?"
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
कोबुलेतीला, समुद्रावर, दहा दिवस
हा माणूस वाळूत घोरत पडला होता,
आणि मी म्हटलं होतं, हवा मानवली.
"आणि काम काय करता?"
"पाव भाजतो. सत्तावीस वर्षं."
बाईंनी पेन खाली ठेवलं.

एक प्लास्टिकची नळी दिली.
तिच्यात जीव खाऊन फुंकायचं,
काटा थांबेल तो आकडा लिहायचा.
वही नातियाची, चौकटीची, गणिताची.
रविवार, चारशे दहा.
सोमवार, तीनशे साठ.
बुधवार, तीनशे दहा.
शुक्रवारी त्याने लिहिलं नाही, मी लिहिलं: दोनशे ऐंशी.
पुन्हा रविवार.
गणितात मी कच्ची,
पण हे मलाही सुटलं.

पीठ.

ज्यावर हे घर उभं राहिलं ते.
पोतं उंचावरून ओतलं की उठायचा तो ढग,
आणि त्यातून खिडकीशी येणारा एक पोरगा,
भुवया पांढऱ्या, हातात दोन टोकांचा गरम शोती.
मी पाव घ्यायला जायचे
आणि सुटे पैसे मुद्दाम विसरायचे.
तेव्हा वाटायचं, याच्या अंगावर
पिठूर चांदणं पडलंय.

लोक मिठाला जागतात.
हा पिठाला जागतो.
रात्र रात्र, दोन उशा पाठीशी घेऊन,
बसूनच.

"सोडा ते काम," बाई म्हणाल्या.
एक्कावन्नाव्या वर्षी काय धरायचं, ते नाही म्हणाल्या.
मातीच्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून
भिंतीला कणीक थापणारे हात
आणखी कशावर थापायचे?
मालक म्हणाला, "आपल्या बापजाद्यांना कुठे काय झालं?"
झुराबचा बाप याच भट्टीवर होता.
छातीनेच गेला.
सगळे म्हणाले होते, सिगारेट.
तो सिगारेट ओढत नव्हता,
हे मला परवा कळलं.

आता पोतं खाली टेकवून, हळू ओततात.
झाडू बंद, ओलं फडकं.
नाकावर मुसकं, आणि त्यावरून पोरांचे विनोद.
नातियाही शिंकायला लागली होती
त्याच्या कोटाला बिलगून,
म्हणून कोट दुकानातच.
सदरा तो जिन्यात उतरवतो,
जानेवारीत, बनियनवर कुडकुडत,
आणि ती वरून धावत येऊन आधी पाव घेते,
टोक मोडून तोंडात टाकते,
मग बापाकडे बघते.

मांजर परत आलं.
गालिचा नाही आला. तेलावीच्या बहिणीला दिला होता,
ती म्हणते, दिलेलं कोणी मागतं का.
निर्दोष होता बिचारा,
आणि मी किती झोडपला.

आज सोमवार.
टेबलावर वही, नळी.
तो अजून यायचाय.