फिरंग

आमच्या घरी पावशीला फिरंग म्हणतात.
गावात फक्त आमच्याच घरी.
"फिरंग काढ वं, वांगे चिरू,"
असं कौतिकाआत्या म्हणाली की
शेजारच्या नव्या सुना आधी दाराकडे बघतात,
कोण आलं म्हणून.

पाटाच्या लाकडात रोवलेलं हातभर पातं,
मधे झिजून विळ्यासारखं वाकलेलं,
कांद्याच्या रसानं काळं, धारेला तेवढं पांढरं.
बुडाशी, लाकडात शिरतं तिथं, एक ठसा:
चार पाय, शेपूट, पळतंय काहीतरी.
आत्या म्हणते कोल्हा. मला लांडगा वाटतो.
पण आत्यानं लांडगा पाहिलाय, मी नाही,
म्हणून कोल्हाच.

बेंबळेकाठच्या दयाराम लोहाराच्या आज्यानं
तापवून तोडली म्हणतात.
एका तुकड्याची पावशी, दुसऱ्याचं खुरपं,
मुठीचं काय झालं ठाऊक नाही.
ज्याची होती तो कोण, कोणाच्या बाजूनं लढला,
की नुसती लग्नात मिरवली,
तेही नाही.
लोखंड मोडलं.
नाव मोडायचं राहून गेलं.

तालुक्याच्या वाचनालयात कोश आहे, वाळवीनं चाळलेला.
फ, फा, फि. बोट ठेवत गेलो.
फिरंग: विलायती पात्याची तलवार.
फारसीतून आलेली. तिकडे फरंग म्हणजे एक मुलूख.
पुढचं दुसऱ्या पुस्तकात सापडलं:
मुलखाचं नाव तिथल्या माणसांवरून,
अन् माणसांचं नाव
ते फेकायचे त्या भाल्यावरून.
म्हणतात. पंडितांचं अजून एकमत नाही.
कोशात खाली त्याच नावाचा एक रोगही होता.
तो मी आत्याला सांगितला नाही.

बाकीचं सांगितलं.
"म्हन्जे भाला होता," ती म्हणाली,
"भाल्याचे मान्सं झाले, मान्साचा मुलूख,
मुलखाची तलवार,
अन् तलवारीची माही पावशी."
मग कांदा अर्धा करून:
"लय फिरलं बिचारं. म्हनून त फिरंग."
हे कोशात नव्हतं.
वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये,
तरी समासात पेन्सिलीनं लिहून आलो.

दिवाळीआधी नागपूरहून एक माणूस आला,
जुन्या वस्तू घेणारा, बुटांना पॉलिश.
"मावशी, तलवार आहे म्हणे तुमच्याकडे."
"नाही जी."
"जुनी. गावातच सांगितलं कोणीतरी."
"तलवार नाही बाप्पा आमच्या घरी. कधीच नव्हती."
पायाखाली पाट दाबलेला,
बोटांमधून अंबाडी बारीक होत होती.
तो चहा पिऊन गेला.
ती खोटं बोलली नव्हती.

तलवार माणसापाशी जाते.
पावशी जागची हलत नाही,
तिच्यापाशी भाजीला यावं लागतं.

आचल, तिची नात, अमरावतीला शिकते.
परवा जेवताना म्हणाली,
"फ्रँकली सांगू का आजी,
मला नाही करायचं लग्न एवढ्यात."
माझा घास हातातच राहिला.
त्याच माणसांचं नाव ते, दुसऱ्या वाटेनं आलेलं:
त्यांच्या राज्यात मोकळे तेवढे तेच,
म्हणून मोकळं बोलणं त्यांच्या नावावर लागलं.
सांगावंसं वाटलं, पोरी, तुझ्या तोंडात जे आहे
तेच तुझ्या आजीच्या पायाखाली आहे.
पण आत्याच आधी बोलली,
"नको करू. कोन अडोलं तुले?
भाकर घे अजून."

रात्री ती पातं पुसते,
भिंतीकडे तोंड करून पावशी आडवी ठेवते.
लेकराबाळाचं घर.
मग फक्त तो ठसा दिसतो, दिवा मालवेपर्यंत,
पळणारा,
कोल्हा म्हणा की लांडगा.