हातचा

निपाणीचं हायस्कूल, आठवी ब,
गणिताला कल्लोळी सर.
वखारींकडून वारा आला की
तंबाखूनं अख्खा वर्ग शिंकायचा,
सर थांबायचे, पुन्हा तिथूनच सुरू.

शिकवायचे मराठीत, अगदी छापील.
बेरीज मात्र ओठांतल्या ओठांत :
एंटू, ओंबत्तू… हदिनेळू.
सात फळ्यावर लिहायचे,
हातचा मुठीत धरायचे.

शिरगुप्पीच्या बाळगोंडानं एकदा विचारलंच,
सर, हातचा कुठल्या भाषेत?
सर हसले नाहीत. खडू झटकला.
म्हणाले, पुढच्या घरात जाईपर्यंत
त्याला कसली आलीय भाषा. बस खाली.

परवा दुकानात बिल करताना
मुलगी म्हणाली, पप्पा, काय पुटपुटताय?
बघतो तर
मूठ मिटलेली माझी.
आत ओंदू.