लांबून आलेला आधी

बैठक गुरुवारी. आज सोमवार.
खुर्च्या चाळीस, माणसं एकोणसत्तर.
देश पाच वर्षांचा, दुधाचे दात अजून पडायचेत,
आणि खोरफक्कानच्या या कस्टमच्या गोदामात
तीन माणसं घाम पुसत ठरवताहेत
त्याला प्रश्न विचारायचे कसे.

हुमैद बिन सुरूर मोत्यांच्या बोटीवर वाढला,
बोलण्याआधी अजूनही छातीभर श्वास घेतो.
डॉक्टर घानिम कैरोत शिकून आला, घड्याळ बघतो.
तिसरा मत्तर, डोंगरातला. खजुराच्या बिया
कागदावर मांडत जातो :
हा निघाला, हा येईल,
याच्या गाडीचा ॲक्सल तुटलाय.

मी परकार, दाभोळचा. माल मोजतो, टाइप करतो,
बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवतो.
मला कुणी काही विचारत नाही,
म्हणून मला सगळं ऐकू येतं.

पहिलं भांडण नावांचं झालं.
यादीत वर कोण?
वयाने लावली तर बेटावरचे रुसणार.
घराण्याने लावायची तर बैठक कशाला?
अक्षरांनी लावली, तर डोंगरातले सगळे
एकाच अक्षराखाली गर्दी करून उभे.
दोन रात्री गेल्या. बर्फाच्या तीन लाद्या.
मग मत्तर म्हणाला, आमच्या विहिरीवर
लांबून आलेल्याला पाणी आधी.
तशी लाव.
मी लावली. मैलांनी.

खुर्च्यांसाठी मुलींच्या शाळेत गेलो.
मोठ्या बाई, मौझा, म्हणाल्या,
एकोणतीस नेा म्हणाल तर देणार नाही. तीस न्या.
तिसावीवर मी बसणार.
निरोप सांगितला तेव्हा हुमैदने श्वास भरून घेतला
आणि किती तरी वेळ सोडलाच नाही.
मग म्हणाला, तीस आण.

चौथं कलम रात्री अडीचपर्यंत चाललं.
मंत्र्याला विचारलं तर त्याने उत्तर द्यावं.
द्यावं म्हणजे? घानिम म्हणाला. वाटलं तर?
खोडलं, लिहिलं, फाडलं. कार्बन संपला.
माझ्या भाषेत नुसता एक 'च' पुरला असता,
आई लावायची तसा : दिवेलागणीला घरी यायचंच.
त्यांच्या भाषेत तो सापडत नव्हता,
की सापडला होता आणि हात धजत नव्हता,
मला अजून कळलेलं नाही.

गुरुवारी शाळेच्या खुर्च्या निघाल्या बुटक्या.
पांढऱ्या दाढ्यांचे म्हातारे बसले,
गुडघे हनुवटीला टेकवून.
राजवाड्याहून आलेल्या माणसालाही तसलीच मिळाली.
पाठीवर कुणा मुलीने कर्कटकाने कोरलं होतं काहीतरी,
शेजारच्याने ते मोठ्याने वाचलं.
आधी एक हसला, मग गोदामभर हसू.
त्यानंतरच काम सुरू झालं.

मत्तर यादी वाचू लागला.
दल्मा बेट, साडेतीनशे मैल. हजर.
लिवा, तीनशे दहा. हजर.
मी दाराशी बर्फ फोडत होतो.
दाभोळ, मनात म्हटलं, समुद्रावरून बाराशे.
कुणी वर बघितलं नाही, आणि बघावं तरी का?
तांब्या घेऊन आत गेलो,
दल्मावाल्याला आधी पाणी दिलं.

चौथ्या कलमाला हात मोजायला मलाच सांगितलं.
पोती मोजतो तसे मोजले, बोट ठेवून.
एकेचाळीस. त्यात एक बांगड्यांचा.
राजवाड्याच्या माणसाने वहीत काही लिहिलं,
वही मिटली, चहा छान होता म्हणाला.
पुढे त्याचं काय झालं हे आमच्या गोदामापर्यंत
अजून आलेलं नाही.

शनिवारी खुर्च्या परत नेल्या.
मोठ्या बाईंनी मोजल्या, एक मला परत दिली.
राहू दे तिथेच, म्हणाल्या, पुढच्या वेळी लागेल.

दुपारी तिच्यावर बसून मी डबा खातो.
गुडघे हनुवटीला लागतात.