न शिवता

वेकफिल्डच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं
तेव्हा क्लाइव्ह बर्किनशॉने आपला ब्रश झटकला
आणि वरच्या खिशात खोचला, पेनासारखा.
खारीच्या केसांचा ब्रश. एकतीस वर्षं त्याने
दारं, काचा, तिजोऱ्या, एकदा तर एक अख्खा ट्रॉम्बोन
रुपेरी पावडरीने माखून काढला होता.
मी म्हटलं, आमच्याकडे याला खारीचा वाटा म्हणतात.
अर्थ ऐकून म्हणाला,
वाटा अगदीच लहान नव्हता, बाई.

यंत्राला हात नाहीत.
वस्तू पेटीत ठेवायची, झाकण लावायचं,
आत अंधारात एक उजेड तिरपा फिरतो.
पावडर नाही, धूर नाही, फुंकरसुद्धा नाही.
घामाचा जो पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही
तो जागच्या जागी राहतो
आणि पडद्यावर येतो.
माहितीपत्रकात लिहिलं होतं :
वस्तूला कुठेही स्पर्श होत नाही.
प्रशिक्षणाच्या दिवशी ते वाक्य
मी सवयीने मनात मराठीत केलं
आणि पेन थांबलं.

न शिवता.

आमच्या घरात हा शब्द
विज्ञानाचा नव्हता.

पहिला नमुना, काचेचा ग्लास.
ऑसेटच्या ईनिड हेपलस्टनबाईंच्या स्वयंपाकघरातला.
चोराने चहाच्या डब्यातले एकशे चाळीस पौंड घेतले,
गेलेल्या नवऱ्याचं घड्याळ घेतलं,
मग फ्रिज उघडून दूध प्यायला, उभ्या उभ्या,
आणि ग्लास सिंकमध्ये नीट ठेवून गेला.
कुणीतरी वळण लावलं असणार.

चौदा मिनिटांत तेरा ठसे.
नऊ बाईंचे. दोन पुसट, ते यंत्रानेच सोडून दिले.
उरली एक तर्जनी, एक अंगठा;
अंगठ्यावर चक्र, जरासं दबलेलं,
त्यावरून जुन्या जखमेची आडवी रेघ.
यंत्र फक्त सुचवतं. सही माझी लागते.
म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून
रेघ न रेघ मोजत बसले.

चक्रं मी तशी लहानपणापासून मोजते.
दहा बोटांना दहा असली तर राजा होतो म्हणे.
बाबांना नऊ होती, करंगळीला शंख.
एका शंखाने घात केला, म्हणून हसायचे.
त्यांचा ग्लास फाट्यावरच्या हॉटेलात
छपराच्या वाशात उलटा खोचलेला असायचा.
स्वतः काढायचा.
चहा वीतभर उंचीवरून पडायचा.
स्वतः विसळायचा, परत खोचायचा.

तो ग्लास या पेटीत ठेवला असता तर
नऊ चक्रं आणि एक शंख, थरांवर थर, कित्येक वर्षांचे.
हॉटेलवाल्याचं एक बोट नाही.
क्लाइव्ह, पुरावा म्हणून कोरी जागा
कोर्टात कशी दाखवतात?
त्याने वर पाहिलं नाही.
मी मोठ्याने बोललेच नव्हते.

पोरगा सापडला. कॅसलफर्डचा, सतरा वर्षांचा.
केस मिटल्यावर ग्लास परत द्यायला
हवालदारासोबत मीही गेले, काही काम नसताना.
बाई ग्लास उजेडात धरून म्हणाल्या, पावडर नाही ती?
मी म्हटलं, नाही. आम्ही हातही लावला नाही.
मागितलं असतं तर दिलं असतं की दूध, त्या म्हणाल्या.
घड्याळ मिळालं नव्हतं.
त्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.

मग नळ सोडला.
साबण लावून, अंगठ्याने कडा चोळून
ग्लास धुतला. तेरा ठसे
माझ्यासमोर निथळून गेले.
फडक्याने पुसला आणि
फळीवरच्या पाच ग्लासांत
सरकवून दिला.

त्यातला तो कुठला,
मला ओळखता येईना.