रकाना सहा

अंतिम तारीख शुक्रवार, पाचपर्यंत.
लोर्ना हाउगेन तळहाताने कात्रण सरळ करते
उशीच्या खोळीसारखं.
बाहेर नॉर्थ डकोटा, उणे एकवीस,
गाडी विजेच्या वायरीला बांधलेली, गोठ्यातल्या जनावरागत.

विभाग: साप्ताहिकं, खप दोन हजारांच्या आत.
मथळा: गव्हाच्या कोठारात तरुण बुडाला.
गव्हातही माणूस बुडतो
हे तिलाच कुठे ठाऊक होतं, त्या मंगळवारपर्यंत.

रकाना सहा: बातमीचा परिणाम काय झाला?
शंभर शब्दांत.

कोठारांवर दोरखंड आले, ती लिहिते. सात ठिकाणी.
अग्निशमन दलाने पत्र्याचं कडं घेतलं.
त्याची आई मला पाहून रस्ता ओलांडते –
हे लिहिते, खोडते,
शब्द पुन्हा मोजते.

उमेदवारीला आलेली डेला विचारते,
विद्यार्थ्यांच्या विभागात मी काय पाठवू?
शाळेच्या जेवणावरची ती.
पण त्यात काहीच घडत नाही!
तू आचाऱ्याला दुसऱ्यांदा फोन का केलास,
तेवढं लिही.

एप्रिलमध्ये हॉटेल. सकाळी कार्यशाळा:
शोकाकुल घरी फोन कसा करावा.
लोर्नाच्या वहीत एकच ओळ,
आधी नावाची अक्षरं विचारा.
रात्री कोरडी कोंबडी, तिसरा क्रमांक,
आणि माइकवर हाउगेनचं होगन.

सोमवारी प्रशस्तिपत्र खणात ठेवताना
वर्गणीच्या पाकिटांत एक टॉलेफ्सनबाईंचं.
चिठ्ठी नाही.
एका वर्षाचा चेक,
आणि पत्त्यात मुलाचं नाव
अजून तसंच.