क्वार्टरची किल्ली

किल्ली आधी उलटी फिरव,
मग अर्धी सुलटी, आणि दाराला गुडघा.
घाई केलीस की अडतं. पहिल्या रात्री मीही
देवकाबाई लांजेवारांच्या ओसरीवर झोपले होते.
त्या म्हणाल्या, कुलूप बी मानूस पाहून उघडते, बाई.
मला ओळखायला त्याला चार महिने लागले.

लाकडी पलंग आणू नकोस, प्रणोती.
मी आणला होता वणीहून, हप्त्यावर.
तिसऱ्या पावसाळ्यात वाळवीनं पाय संपवले,
शेवटचे दोन हप्ते मी बिनपायाच्या पलंगाचे भरले.
लोखंडी बाज घे, नवारीची.
गुलाब सुतार सागवान सागवान करत येईल,
ऐकून घे, चहा पाज, आणि बाजच घे.
भिंतीपासून वीतभर सोडून टाक.
ही पश्चिमेची भिंत मे महिन्यात
रात्री अकरापर्यंत तवा असते.
तिला आलमारी लाव. ऊन आलमारीला खाऊ दे.

तुरीच्या डाळीला एरंडीचं तेल चोळ,
गव्हात निंबाचा वाळला पाला.
कूलर खिडकीच्या बाहेरच राहू दे,
आत घेतलास तर पापडसुद्धा लोळागोळा होतात.
पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नकोस,
पिनच उपट.
हे मी शेजारीण म्हणून सांगत नाही,
नर्स म्हणून सांगते.

चप्पल उलटी करून ठोक, मग पाय घाल.
मध्यरात्री कुणी दार वाजवत असलं तरी.
तेव्हा तर नक्कीच.

मांजर माझी नाही.
तीन घरांत तिची तीन नावं आहेत,
इथं ती चिंधी.
पिठाच्या डब्यावर झोपायची खोड आहे तिला.
ओरडून उपयोग नाही, ती तुझ्याकडे
तुझीच चूक असल्यासारखी बघेल.
झाकणावर स्टीलची परात तिरकी ठेव.
एकदा वाजली की पुरे.

कुत्र्याचं काल रात्री लिहायला घेतलं
आणि मग भांडी बांधत बसले.

नाव हवालदार. मी ठेवलेलं नाही.
उंबऱ्याच्या आत येत नाही. मी शिकवलं नाही तेही,
माझ्या आधीच्या कुणाच्या तरी झाडूनं शिकवलं असेल.
भुंकला तर दगड उचलू नकोस, पाठ फिरव, आपोआप थांबतो.
भाकर देण्याआधी वाटी दोनदा वाजव.
दिवाळीत बाजेखाली गोणपाट टाकून ठेव,
तेवढ्या एका रात्री
तो उंबरा विसरतो.

रात्री बाळंतपणाचं बोलावणं आलं
तर दार वाजण्याआधी तो उठलेला असेल.
तांड्यापर्यंत पुढं पुढं चालेल,
नाल्याच्या रपट्यावरून, बॅटरीच्या उजेडाच्या थोडा बाहेर.
मध्येच थांबला
तर तूही थांब.
का, ते विचारत बसू नकोस. मी एकदा विचारत पुढं गेले होते.
साप लांबच लांब होता, निवांत गेला.

मी गेल्यावर तो फाट्यावर जाऊन बसेल,
आठच्या एसटीला, आणि साडेपाचच्या.
आणायला जाऊ नकोस. बिस्किटं नेऊ नकोस.
कुत्र्याची समजूत घालू गेलं
की त्याला वाटतं, खरंच काहीतरी झालंय.
माझी एक चप्पल दाराशी ठेवली आहे, डावी, अंगठा तुटलेली.
तिच्यावर हनुवटी टेकून झोपेल.
आठ दिवस म्हण, दहा म्हण.
मग एखाद्या सकाळी चप्पल सोडून
तो तुझ्या पावलांमागं नळापर्यंत येईल.
त्याच दिवशी ती उकिरड्यावर टाकून दे.
धुऊन, जपून वगैरे काही ठेवू नकोस.

गॅसची नळी बदलायला झाली आहे,
तारीख दारामागं खडूनं लिहिली आहे.

आणि चप्पल टाकलीस
की मला फोन करू नकोस.
किंवा कर.
पण कूलरचं विचारायला केला, असं म्हण.