नाव ठेवायचं होतं

आमच्याकडे मुलांची नावं ऋतू ठेवतो.
पावसात आली ती नाफुला,
भुकेच्या दिवसांत आली ती नांजाला,
आणि मी नासिमियू, कोरड्या महिन्यांतली,
आईच्या दुधाआधी जिने धूळ चाखली.
झऱ्यावर बायकांना नुसत्या हाका मारल्या
तरी अख्खं वर्ष सांगून व्हायचं.

आता एप्रिल स्वतःचंच नाव विसरलाय.
एल्गॉनच्या माथ्यावर ढग येतात,
पाहुण्यासारखे टेकतात
आणि चहा न घेता उठतात.

जानेवारीत मी गोठ्यामागे खड्डा खणला.
तोंड गाडीच्या चाकाएवढं, तळ घागरीएवढा.
मक्याची सोललेली बुरकुंडं त्यात रचली.
आग वरून लावायची असते,
हे हाताला पटेपर्यंत तीन दिवस गेले.
जन्मभराच्या चुलीची सवय, काडी खालीच जायची.
ज्वाळेने स्वतःचा धूर स्वतः खायचा,
थरावर राखेची पांढरी साय धरू लागली की पुढचा थर,
पुन्हा साय, पुन्हा थर,
आणि सगळ्याची राख व्हायच्या एक श्वास आधी
पाणी.

झऱ्यावरून डोक्यावर आणलेले सात पिवळे कॅन
मी आगीवर ओतले
तेव्हा भावाने कपाळावर हात मारला.
कोळसा विकला तर पोत्याला साडेआठशे शिलिंग,
आणि ही बाई तो पुरायला निघाली!
गावाने नावं ठेवली,
एकाही ऋतूला न शोभणारी.
कोळसा उगाळावा तितका काळाच, भाऊ म्हणाला.
म्हटलं, काळाच हवाय. उगाळ.

तो गेला निघून.
मी पोत्यात भरून बुटांखाली तुडवला.
काचेच्या बांगड्या फुटाव्यात तसा वाजायचा.
मग गोमूत्र, शेण, तीन आठवडे झाकण.
उपाशी कोळसा मातीचंच ताट ओढून घेतो,
त्याला आधी जेवू घालून मगच शेतात न्यावं लागतं.
वास असा की कोंबड्यासुद्धा लांबून वळायच्या.

पुरला तो अकरा ओळींना.
बाकीच्या चाळीस, देवाच्या भरवशावर.

मार्चमध्ये दोन सरी झाल्या. पेरलं.
नंतर तेवीस दिवस आभाळ
धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ.
चाळीस ओळींची पानं सकाळी दहालाच
विड्यांसारखी गुंडाळायची.
अकरा ओळींची दुपारी. संध्याकाळी पुन्हा उघडायची.
मी बोट खुपसून पाहिलं:
काळ्या कपच्यांना माती चिकटलेली,
आणि बोटाला गारवा,
झोपलेल्या कुत्र्याच्या नाकासारखा.

खोटं कशाला सांगू,
लष्करी अळीने दोन्हीकडे सारखंच खाल्लं.
तिने काळं-तांबडं काही पाहिलं नाही.

चोविसाव्या दिवशी भावाला मुलगी झाली.
सगळे आभाळाकडे बघत बसले.
महिना पावसाचा, म्हणजे नाफुला?
उन्हात उभं राहून कसं म्हणणार?
कुणी म्हणालं, नासिमियू म्हणा.
वहिनी अंथरुणातून उठून बसली.
एका घरात एक कोरडी पुरे, म्हणाली.
मला राग आला. मग हसू आलं.

भाऊ कुठे म्हणून शोधत गेले
तर हा शेतात, ओणवा, खुरपं घेऊन.
चाळीस ओळींत गवतसुद्धा उगवलं नव्हतं,
तिथे खुरपायला होतं काय?
पण त्या अकरांत माजलं होतं,
हिरवं, निर्लज्ज, घोट्यापर्यंत.
तो मान वर न करता म्हणाला,
हे तुझं गवत. तूच उपट.

खुरपणीच्या दिवसांत जन्मते ती नेकोये.
मीच म्हणाले, आत्या आहे मी तिची.
अकरा ओळींपुरती खुरपणी,
पण खुरपणीच की ती.

माझ्या नखांतला काळा रंग अजून जात नाही.
घेताना तिच्या कपाळाला लागला.
वहिनीने पदर उचलला पुसायला,
आणि तसाच खाली ठेवला.

पाऊस अजून आलेला नाही.